हात बसवायचा कुठे? (स्वस्तातलं सर्जरी सिम्युलेशन)

टाकाधागा

नमस्कार. बरेच महिने वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या.

मी सर्जरीची रेसिडेंट, दुसरं वर्ष. पहिलं वर्ष रिट्रॅक्टर धरण्यात, ड्रेसिंगमध्ये आणि लॅपच्या (लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून कॅमेऱ्यातून बघत करायची सर्जरी) केसला कॅमेरा धरण्यात गेलं, त्याची तक्रार नाही, सगळ्यांचंच तसं जातं. पण गेल्या महिन्यात सर अचानक म्हणाले, ये, ही एक गाठ तू मार. लॅपरोस्कोपीतली आतल्या आत मारायची गाठ. कितीतरी वेळा बघितलेली, पुस्तकातल्या आकृत्या पाठ, आणि तरी स्क्रीनकडे बघत हात हलवायला लागले तर सुई उजवीकडे न्यायची म्हणून हात उजवीकडे नेला आणि सुई गेली डावीकडे. इन्स्ट्रुमेंट पोर्टपाशी, म्हणजे पोटावरच्या भोकात बसवलेल्या नळीपाशी, टेकलेलं असतं, त्यामुळे बाहेर हात जिकडे जातो त्याच्या बरोबर उलट आतलं टोक जातं. हे मला माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. त्यात स्क्रीनवर खोली कळत नाही, दोरा समोर दिसतो पण असतो दोन सेंटिमीटर मागे. सात-आठ मिनिटं गेली, सुई दोनदा निसटली, शेवटी सरांनी शांतपणे हातात घेतलं आणि मिनिटभरात संपवलं. पेशंटला काही झालं नाही. पण ती सात-आठ मिनिटं पेशंट जास्तीचा भुलीखाली होता आणि ती माझ्या शिकण्यात गेली, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे महागडं सिम्युलेटर आहे, पण सॉफ्टवेअरचं लायसन संपलं आणि एक हँडल तुटलं तेव्हापासून ते बंद आणि खोलीला कुलूप. म्हणून मी पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, वर दोन भोकं पाडली, आत मोबाइल टेकवला, ओटीतून (ऑपरेशन थिएटर) बाद झालेली दोन ग्रास्पर, म्हणजे लांब दांड्याचे चिमटे, मागून घेतली आणि रोज रात्री अर्धा तास बसायला लागले. आता तीन आठवडे झाले.

मग वाचत गेले आणि लक्षात आलं की हा माझ्या एकटीचा प्रश्न नाहीच. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५ च्या कमिशनने जगाचा हिशोब मांडला होता, ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी सर्जरी वेळेवर मिळत नाही, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी १४ कोटी ३० लाख ऑपरेशन्स जास्तीची व्हायला हवीत. जगात वर्षाला साधारण ३१ कोटी ऑपरेशन्स होतात, त्यातली जेमतेम ६ टक्के सगळ्यात गरीब देशांत, जिथे जगातली एक तृतीयांशाहून जास्त माणसं राहतात. म्हणजे हात तयार व्हायला हवेत ते तिथे, आणि हात तयार करायची साधनं सगळी दुसरीकडे.

तर जाणकारांनो, मला मनापासून विचारायचंय, खोक्यावरचा सराव खऱ्या ओटीत उतरतो का? की मी रोज रात्री अर्धा तास फक्त खोक्यातच तरबेज होतेय?

खटपट्या

धागा आवडला. मी डॉक्टर नाही, बायोमेडिकल इंजिनिअर आहे, पण असली बरीच खोकी बनवलीत आणि दुसऱ्यांनी बनवलेली दुरुस्त केलीत, म्हणून आधी खोक्याबद्दलच बोलतो.

नुसत्या पुठ्ठ्याला भोक पाडलंत तर आठवड्यात ते फाटून मोठं होतं आणि इन्स्ट्रुमेंट त्यात भरकटायला लागतं, मग खरा पोर्ट जसा एका बिंदूवर अडकवतो तो अनुभवच जातो. भोकावर आतून रबराचा तुकडा चिकटवा, जुना माउसपॅड किंवा ट्यूबचं रबर, आणि त्याला फक्त एक छोटी चीर द्या. दुसरं म्हणजे उंची. इन्स्ट्रुमेंट साधारण निम्मं आत आणि निम्मं बाहेर राहिलं पाहिजे, तर बाहेर हात जेवढा हलतो तेवढंच टोक आत हलतं. खोकं उथळ असेल तर जास्त भाग बाहेर राहतो, मग हात भलताच हलवावा लागतो आणि टोक हलतं इवलंसं, हात चुकीच्या मापाला सरावतो. दोन हात कामाच्या जागी एकमेकांना साधारण ६० अंशात भेटतील अशी भोकं पाडा, फार जवळ पाडलीत तर आत तलवारबाजी होते.

मोबाइलचं सांगतो कारण सगळे तिथेच अडकतात. चित्र वायरलेसने टीव्हीवर टाकू नका. हात हलला आणि चित्र किंचित उशिरा हललं की डोकं हाताचा वेग कमी करून ते सांभाळून घ्यायला शिकतं, आणि खऱ्या ओटीत तो उशीर नसतो. वायर लावा, नाहीतर सरळ मोबाइलच्याच स्क्रीनवर बघा. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर चकचकीत ग्रास्पर मध्ये आलं की कॅमेरा शोधत बसतो आणि सगळं धूसर होतं. आतून पांढरा कागद, एलईडी पट्टी, आणि उजेड एकाच बाजूने द्या, कारण इन्स्ट्रुमेंटची सावली पडली तर खोलीचा अंदाज येतो, हे आमच्याकडे एका सर्जननेच दाखवून दिलं, आम्ही आधी बिचारी सावली घालवण्यातच वेळ घालवत होतो.

आणि एक कळकळीची विनंती. ओटीतून बाद झालेलं जे काही आणाल, इन्स्ट्रुमेंट, मुदत संपलेले सुचर (टाक्यांचे दोरे), त्यावर भडक रंगाची पट्टी लावा आणि 'फक्त सरावासाठी' असं लिहा. प्राण्यांच्या टिश्यूवर वापरलेलं इन्स्ट्रुमेंट चुकून परत स्टराइल ट्रेमध्ये गेलं तर काय होईल ते सांगायला नको. खोकं स्वस्त असलं तरी इथे ढिलाई नको.

वाटसरू

मी पेशंटच्या बाजूचा माणूस, दोनदा टेबलावर जाऊन आलोय. टाकाधागा, तुम्हाला ती सात-आठ मिनिटं टोचतायत हे वाचून खरंच बरं वाटलं. वाचतोय.

जुनाजाणता

तीस वर्षं सर्जरी करतोय आणि शिकवतोय, म्हणून थोडं विरोधात बोलतो, राग मानू नये.

खोक्यात रक्त येत नाही. खोक्यात टिश्यू फाटत नाही, चिकटलेली नसते, सुजलेली नसते, अॅनाटमी पुस्तकातल्यासारखी नसली तर काय करायचं हा प्रश्न खोकं विचारत नाही. मी अशी मुलं बघितलीत जी खोक्यावर भराभर गाठी मारतात आणि मग ओटीत सुजलेल्या पित्ताशयावर तसंच भराभर ओढायला जातात. सर्जरी म्हणजे ऐंशी टक्के कुठे थांबायचं ते कळणं आहे (ही टक्केवारी माझी, कुठल्या अभ्यासातली नाही). ते खोक्यावर कसं शिकवणार? खोट्या आत्मविश्वासाची मला कमी आत्मविश्वासापेक्षा जास्त भीती वाटते.

दुसरी गोष्ट जास्त मनातली आहे. श्रीमंत देशांतल्या मुलांना रोबोट आणि व्हीआर (कॉम्प्युटरवरची आभासी सर्जरी), आणि गरीब देशांतल्या मुलांना पुठ्ठा, हे वाटप मला पटत नाही. 'स्वस्त आणि तरीही पुरेसं' असं एकदा म्हटलं की चांगलं मागायची सवयच मोडते. उद्या एखादा अधिकारी हेच खोकं दाखवून म्हणेल की झाली की तुमची स्किल्स लॅब.

बाकी टाकाधागा, तुमची चिकाटी मोठी आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

शोधयात्री

जुनाजाणता सर, तुमचे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत, पण दोन्हींवर प्रयोग झालेत म्हणून लिहितोय.

आधी दुसरा मुद्दा. २००२ मध्ये एक अभ्यास आला, मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांचा, आणि तो झाला कॅनडात, टोरांटोत, पैशाची चणचण नसलेल्या ठिकाणी. शेवटच्या वर्षाचे ४० वैद्यकीय विद्यार्थी, मूत्रनलिकेत दुर्बीण घालून खडा काढण्याचं कौशल्य. एका गटाला नुसतं शिकवलं, एकाला ३,७०० कॅनेडियन डॉलरचं मॉडेल दिलं, आणि एकाला २० डॉलरचं, ज्यात रबरी ड्रेन म्हणजे मूत्रमार्ग, उलटा ठेवलेला कप म्हणजे मूत्राशय आणि दोन स्ट्रॉ म्हणजे दोन मूत्रनलिका. हाताने सराव केलेले दोन्ही गट नुसतं ऐकलेल्यांपेक्षा बरेच पुढे गेले, पण महाग आणि स्वस्त मॉडेलच्या गटांत म्हणावा असा फरकच निघाला नाही. म्हणजे स्ट्रॉ आणि कप ही गरिबांवर केलेली मेहेरबानी नाही, नवशिक्याच्या हाताला त्या टप्प्यावर तेवढंच लागतं, हात कुठल्याही देशाचा असो. 'नवशिक्याच्या' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, वरच्या टप्प्यांना हे लागू पडेलच असं नाही, तिथे तुमचं म्हणणं उभं राहतं.

आता पहिला मुद्दा, ओटीत उतरतं का. ह्यावर गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा, तोही २००२ चाच. फक्त १६ रेसिडेंट, निम्म्यांना व्हीआरवर ठरावीक पातळी गाठेपर्यंत सराव दिला, निम्म्यांना नेहमीचं शिक्षण, आणि मग खऱ्या पेशंटच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचे व्हिडिओ तपासले, आणि तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला ते माहीत नव्हतं. सराव केलेले २९ टक्के लवकर संपवत होते आणि त्यांच्या चुका साधारण सहा पटीने कमी. ज्यांनी सराव केला नव्हता त्यांच्याकडून पित्ताशयाला इजा किंवा भलत्याच जागी भाजणं पाच पट जास्त. सर, तुम्हाला जी भीती वाटते की सराव केलेला जास्त ओढाताण करेल, तिथे उलटं निघालं. हे यंत्र महाग होतं हे मान्य, पण त्यावर जे शिकवलं ते काम साधं होतं, वस्तू ह्या हातातून त्या हातात आणि डायथर्मीचा (विजेने टिश्यू भाजायचं साधन) पाय-हात मेळ. आणि 'ठरावीक पातळी गाठेपर्यंत' हे त्यातलं खरं बीज आहे, तासांवर सोडलं नव्हतं, जमेपर्यंत सोडलं नव्हतं.

पोथीवाचक

अवांतर वाटेल पण नाहीये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, योग्यासूत्रीय, हा अख्खा अध्याय ह्याच विषयावर आहे. 'योग्या' म्हणजे सराव. तिथे म्हटलंय की शास्त्र कितीही ऐकलेलं असो, ज्याने योग्या केली नाही तो कर्माला अयोग्य.

आणि मग एकेका कर्माला एकेक मॉडेल. छेद घ्यायला कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनाला पाण्याने किंवा चिखलाने भरलेली कातड्याची पिशवी. खरवडायला केसांसकट कातडं. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर नाहीतर कमळाचा देठ. शलाका घालून आतली पोकळी शोधायला किड्यांनी पोखरलेलं लाकूड किंवा बांबू. ओढून काढायला फणसाचा गर, बेलफळ, मेलेल्या जनावराचे दात. टाके घालायला बारीक आणि जाड कापडाच्या, मऊ कातड्याच्या कडा. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला.

मला ह्यात सगळ्यात भारी काय वाटतं, तर माणसाची हुबेहूब नक्कल करायचा आग्रहच नाही. हाताला जे कळायला हवं, भरलेल्या पिशवीचा ताण, देठाचा पोकळपणा, तेवढंच निवडून घेतलंय. शोधयात्रींनी लिहिलेल्या स्ट्रॉ आणि कपाशी ह्याचं नातं सरळ दिसतं.

नेत्रपल्लवी

मी डोळ्यांची, त्यामुळे आमच्याकडचं सांगते, कारण आमचा सराव गरीब देशांतच आणि नीट मोजून तपासला गेलाय.

मोतीबिंदूची छोट्या छेदाची सर्जरी, म्हणजे एसआयसीएस, ही आमची कामाची भाकरी, मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडायचं फेको मशीन लागत नाही. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या ५० शिकाऊ डॉक्टरांवर एक ट्रायल झाली, ऑलिम्पिक्स नावाची, २०२१ मध्ये छापून आली. निम्म्यांना कृत्रिम डोळ्यांवर पाच दिवसांचा कसून सराव, बाकीच्यांना नेहमीचं शिक्षण (त्यांनाही तो कोर्स मिळाला, पण वर्षभराने). सराव केलेल्यांचे गुण तर वाढलेच, पण मला जे महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे पुढच्या वर्षभरात त्यांनी स्वतः केलेल्या केसेसमध्ये भिंगामागची पिशवी फाटण्याचं प्रमाण ७.८ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात २६.६ टक्के. ज्यांनी ती पिशवी आपल्या हाताखाली फाटताना बघितलीय त्यांना ह्या दोन आकड्यांमधलं अंतर समजेल. डोळ्याच्या आतलं जेल पुढे सरकतं, बाहुली जराशी मोठी झाल्यासारखी वाटते, आणि पोटात गोळा येतो. पेशंट जागा असतो, आपला श्वासही त्याला ऐकू जातो.

अजून एक, सराव केलेल्यांना त्या वर्षात ऑपरेशन्सही जास्त करायला मिळाली. ह्याचा अर्थ मी असा लावते की शिकवणाऱ्याला ह्या मुलीचा हात बसलाय असं दिसलं की तो खुर्ची सोडतो. टाकाधागा, तुझ्या सरांच्या बाबतीतही हेच होईल बघ.

निशाचर

वाचनखूण साठवली. पोथीवाचक, _/\_

अस्मि

मी नर्सिंग ट्रेनिंगमध्ये आहे, एक मुद्दा राहून जातोय. सगळी चर्चा एका सर्जनच्या दोन हातांची चाललीय. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घ्या. त्यासाठी मामानॅटली नावाचं मॉडेल आहे, ते शिकवणारी स्वतःच्या पोटाला बांधते, आत रक्ताच्या रंगाच्या पाण्याची पिशवी, गर्भाशय सैल की घट्ट हे तीच आतून ठरवते. आणि ती बोलते! 'मला चक्कर येतेय' म्हणते, घाबरते, हात धरते. तिथे शिकणारीला मसाज करायचा, औषध सांगायचं, दुसरीला हाक मारायची, रक्ताचा अंदाज घ्यायचा आणि त्या बाईशी बोलायचंही. हे सगळं एकदम. पहिल्यांदा करताना निम्म्या जणी बोलायच्या विसरतात, आणि मदतीला हाक मारायचीही.

जुनाजाणता सर म्हणाले ना की कुठे थांबायचं हे खोकं शिकवत नाही, खरंय, पण खोक्याशेजारी माणसं उभी केली तर बरंच शिकवता येतं. आम्ही सलाइनची पिशवी उंच टांगून लाल पाणी भरतो, नळीला चीर देतो, वर स्पंज ठेवतो. आधी दाब, मग सक्शन माग, मग नीट दिसल्यावरच आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) लाव. आंधळेपणाने चिमटा लावला की शेजारच्या पिवळ्या नळीत लागतो, ती आम्ही मुद्दाम तिथे ठेवलेली असते.

जुनाजाणता

ती पिवळी नळी आवडली. हे मी उद्यापासून करणार.

टाकाधागा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. खटपट्या, तुमचं वाचून लगेच खोकं उंच केलं आणि रबर लावलं, फरक पहिल्याच दिवशी कळला.

शोधयात्रींनी लिहिल्यावर मी अजून शोधलं आणि मला माझी अडचण कुठेय ते सापडलं असं वाटतं. लॅपरोस्कोपीची एफएलएस म्हणून जी परीक्षा आहे (पाच कामं असतात, पेग ट्रान्सफर म्हणजे मणी एका खुंटीवरून दुसरीवर नेणं, गॉजवर गोल कापणं, लूप लावणं आणि दोन प्रकारच्या गाठी), तिचा एक प्रयोग बोत्सवानात झाला, २०१० साली छापून आला. तिथल्या १६ सर्जन्सना सारखीच खोकी, सारखंच साहित्य. आठ जणांनी आपापला सराव केला, आणि आठ जणांना टोरांटोहून इंटरनेटवर कोणीतरी ठरलेल्या वेळी बघून चुका सांगत होतं. परीक्षेत ज्यांना कोणी बघत होतं ते आठच्या आठ पास, आणि एकट्याने करणारे आठातले तीन. खोकं तेच हो! फरक फक्त बघणाऱ्या डोळ्यांचा.

मी एकट्याने करणाऱ्या आठांतली आहे. परवा मी फोमच्या तुकड्यावर टाके घालतानाचा माझाच व्हिडिओ दोन वेळा बघितला, मला काहीच चुकीचं दिसलं नाही, मग एका सीनियर ताईला दाखवला तर तिने दहाव्या सेकंदाला थांबवला आणि म्हणाली, फोमकडे बघ, सुईकडे नाही. बघितलं तर मी जिथे जिथे सुई काढली होती तिथे भोकाऐवजी चीर होती. म्हणजे मी सुई तिच्या वळणाने मनगट फिरवून काढतच नव्हते, टोक बाहेर आलं की सरळ ओढत होते. फोमला दुखत नाही म्हणून तीन आठवडे मला कळलंच नाही, आणि तीन आठवडे मी रोज अर्धा तास तीच चूक पक्की करत होते. आतड्यावर हे केलं असतं तर प्रत्येक टाक्यापाशी गळतीची जागा तयार झाली असती.

म्हणजे जुनाजाणता सर, तुमची भीती एका अर्थाने खरी ठरली, फक्त दोष खोक्याचा नव्हता, बघायला कोणी नव्हतं. आता प्रश्न असा की जिथे अख्ख्या जिल्ह्याला एकच सर्जन आहे आणि तो दिवसरात्र केसेसमध्ये, तिथे बघणारा आणायचा कुठून?

शोधयात्री

ह्याचं एक उत्तर 'ऑल-सेफ' नावाच्या प्रकल्पात आहे, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठासोबत इथिओपिया आणि कॅमेरूनमधले डॉक्टर त्यात आहेत. आपल्या आसपास मिळेल त्या सामानाचं खोकं करायचं, गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भावरच्या ऑपरेशनचं मॉडेल आपणच बनवायचं, सराव करून व्हिडिओ चढवायचा, आणि शिकणाऱ्यांनीच एकमेकांचे व्हिडिओ ठरलेल्या गुणपत्रिकेवर तपासायचे. दुसऱ्याची चूक शोधता शोधता आपली दिसायला लागते. बघणारा सर्जन कमी असेल तर बघायची शिस्त सगळ्यांत वाटून टाकायची.

आणि बघणाऱ्याचा प्रश्न फक्त सर्जनपुरता नाही. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना सर्जरी शिकवायला सुरुवात केली, 'तेक्निकोस दे सिरुर्जिया'. सात वर्षांनी पाहिलं तर त्यातले बहुतेक जिल्हा रुग्णालयांतच टिकले होते, आणि तिथे नेमलेले डॉक्टर मात्र सगळे निघून गेले होते. सिझेरियन रात्री तीन वाजता तीच माणसं करतात. त्यांच्या सरावासाठी कोणी महागडं यंत्र पाठवलं तरी ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? तुमच्या कुलूपबंद खोलीतल्या तुटक्या हँडलसारखंच व्हायचं.

सरावाबद्दल आणखी एक, रोज अर्धा तास हे उत्तम आहे, सोडू नका. २००६ मध्ये टोरांटोतच ३८ रेसिडेंट्सना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं, निम्म्यांना चारही सत्रं एका दिवसात, निम्म्यांना आठवड्याला एक. शिकवलेलं तेवढंच. महिन्याभराने तपासलं तर आठवड्यावारी शिकलेले सरस ठरले. एका दिवसाच्या वर्कशॉपचा फोटो चांगला येतो, पण हात असा बसत नाही.

जुनाजाणता

टाकाधागा, चिरांचा किस्सा वाचून गप्प बसवेना. एकेरीत लिहितो, चालेल ना? माझ्या मुलीच्या वयाची असशील.

तुझे व्हिडिओ मला पाठव. आठवड्याला एक, पाच मिनिटांपेक्षा मोठा नको. चेहरा, नाव, हॉस्पिटल काही दिसू देऊ नकोस, नुसते हात आणि आतलं चित्र. मी घड्याळ बघणार नाही. पेग ट्रान्सफरचे सहा मणी तिकडे आणि परत इकडे, ४८ सेकंदांत करणं ही कसलेल्या हाताची पातळी मानतात, ते तुझं तू बघत राहा, पण मला वेळेचं काही पाठवू नकोस. मी ओसॅट्सचा, म्हणजे सर्जरीचं कौशल्य मोजायच्या गुणपत्रिकेचा, कागद घेऊन बसेन, टोरांटोच्याच लोकांनी १९९७ मध्ये आणला तो, आमच्याकडे परीक्षेला वापरतो. त्यात सात गोष्टी असतात, प्रत्येकीला पाच गुण, आणि पहिलीच आहे टिश्यूशी कसं वागता. चीर पडली की तिथे पाचातला एकच गुण.

फोमची चूक दिसावी म्हणून एक कर. फोमवर हातमोज्याचं पातळ रबर ताणून लाव आणि त्यावर टाका घाल. ओढलंस की रबर लगेच फाटेल आणि आवाजही येईल. सुई धरतेस कुठे तेही बघ, टोकापासून दोन तृतीयांशावर, आणि आत जाताना नव्वद अंशांत. दिवसाआड फक्त डाव्या हाताने मणी उचल. उजवा खिशात.

आणि माझा वरचा एक आक्षेप मी मागे घेत नाही. पुठ्ठा पहिल्या पायरीला, त्यानंतर प्राण्याचं आतडं, त्यानंतर कोणीतरी शेजारी उभं राहून खरी केस. अधिकाऱ्यांना पहिली पायरी दाखवून जिना संपला असं कुणी सांगू नये, एवढंच बघा. ती कुलूपबंद खोली उघडायचा अर्ज लिहिणार असशील तर मसुदा मी करून देतो.

खटपट्या

सर, तुटक्या हँडलचे फोटो मिळाले तर मीही बघतो. बहुतेक वेळा आतली स्प्रिंग किंवा सेन्सरची वायर गेलेली असते. लायसनचं मात्र माझ्या हातात नाही.

वाटसरू

आम्ही टेबलावर झोपतो तेव्हा डॉक्टरचं नाव माहीत असतं, पण हा सगळा आधीचा भाग कधी दिसत नाही. खूप नवीन कळलं. लिहीत राहा सगळे.

नेत्रपल्लवी

जुनाजाणता सर, आमच्या मुलांचेही व्हिडिओ असे तपासायची पद्धत सुरू करते. आत्तापर्यंत मी फक्त केस झाल्यावर बोलायचे.

टाकाधागा

सर, तू म्हणा, नक्की म्हणा.

मोज्याचं रबर लावलं. पहिल्याच टाक्याला फाटलं, दुसऱ्याला फाटलं, तिसऱ्याला मी हात थांबवला, ग्रास्परने सुईचं टोक धरलं आणि मनगट हळू फिरवत काढली तर भोक भोकच राहिलं. एवढं बारीक भोक बघून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मग पुढचे चार परत फाटले, पण आता फाटताना कळतं तरी.

आमच्या बॅचच्या आणखी तिघांना सांगितलंय, आता चार खोकी झालीत, बुधवारी एकमेकांचे व्हिडिओ बघायचे ठरलंय, गुणपत्रिका छापून घेतली. हँडलचे फोटो खटपट्यांना पाठवतेय, खोलीची किल्ली मिळाली की. अर्जाचा मसुदा हवाय सर.

पहिला व्हिडिओ आज रात्री पाठवते. साडेचार मिनिटांचा आहे. दुसऱ्या मिनिटापासून डावा हात बघा, तो फ्रेमच्या बाहेर जातो आणि मला कळतच नाही तो कुठे गेला.